दिवसाचे दिवे आणि रात्रीचे दिवे



गेल्या श्रावणांत एका रविवारीं सकाळीं माझा पुतण्या हातांत एक लहानसा खोका घेऊन घरीं आला. गणपतीसाठीं मोटारीनें कोंकणांत जावयाचें, निघणें रात्रीचें, वाटेंत ताम्हिणी घाट आणि वर पाऊस. तेव्हां मोटारीच्या पुढच्या दिव्यांतील जुने हॅलोजन बल्ब काढून त्यांच्या जागीं एल्. ई. डी. बल्ब बसवावयाचे, असें त्यानें ठरविलें होतें. खोक्यावर उगवत्या सूर्याचें चित्र होतें. "काका, दोन मिनिटांचें काम आहे. जुना काढायचा, नवा लावायचा," तो म्हणाला. मीं विचारलें, "तुझ्या मोटारीला दिवसा जळणारे दिवे आहेत ना? त्यांचें काय होणार?" तो हंसला. "त्यांचा इथें काय संबंध? ते निराळेच."

हा संबंध आहे कीं नाहीं, आणि असल्यास तो कोणत्या मोटारींत आहे, एवढाच माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे. विषय लहान खरा. परंतु याच एका प्रश्नाकडे दुर्लक्ष झाल्यामुळें माझ्या मुलीच्या कुटुंबावर कॅनडांत मोठाच प्रसंग ओढवतां ओढवतां टळला. नाहींतर माझ्यासारख्या शाळामास्तराला मोटारीच्या दिव्यांशीं काय कर्तव्य?

आधीं दिवसाचे दिवे म्हणजे काय तें सांगतों. अलीकडच्या पुष्कळ मोटारींच्या तोंडावर, मुख्य दिव्याच्या आंत किंवा त्याच्या खालीं, शुभ्र उजेडाची एक पट्टी इंजिन सुरू होतांच लागते. मोटारवाले तिला डी. आर्. एल्. म्हणतात. हा उजेड चालकाला रस्ता दिसावा म्हणून नसतो. तें काम भर दुपारीं सूर्य उत्तम प्रकारें करतो. दुसऱ्यांना, विशेषेंकरून रस्ता ओलांडणाऱ्यांना, ती मोटार दिसावी म्हणून तो असतो. कल्पना मूळची उत्तरेकडील देशांची. तेथें हिंवाळ्यांत सूर्य क्षितिजाच्या फारसा वर येतच नाहीं, आणि करड्या रस्त्यावरची करडी मोटार डोळ्यांना सहज चकविते. फिनलंडनें १९७२ सालीं हिंवाळ्यांत गांवाबाहेरील रस्त्यांवर दिवसाहि दिवे लावण्याची सक्ति केली. स्वीडननें १९७७ सालीं ती सर्वत्र व बाराहि महिने लागू केली. १ डिसेंबर १९८९ पासून कॅनडाकरितां बनणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीला हे दिवे असलेच पाहिजेत, असा तेथील नियम झाला. युरोपांत मोटारींच्या नव्या नमुन्यांना ७ फेब्रुवारी २०११ पासून ते सक्तीचे झाले. आपल्याकडे १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना इंजिनाबरोबर आपोआप लागणारा दिवा आला, आणि रस्त्यांतील भले लोक दुचाकीस्वाराकडे पाहून पंजा उघडमीट करून "दिवा चालू राहिलाय" म्हणून खुणावूं लागले, हें आपणांपैकीं पुष्कळांना आठवत असेल.

आतां मुद्याकडे येतों. हे दिवसाचे दिवे सर्व मोटारींत एकाच रीतीनें केलेले नसतात. युरोपची रीत अशी कीं दिवसाचा दिवा स्वतंत्र ठेवावयाचा. त्याची वायर निराळी, बल्ब निराळा, आणि उजेडाची मर्यादाहि निराळी: ४०० कँडेलांहून कमी नाहीं आणि १,२०० हून अधिक नाहीं. रात्रीचा मुख्य दिवा लागला कीं हा विझतो, किंवा मंद होऊन नुसता खुणेपुरता उरतो. अमेरिका व कॅनडा येथील पुष्कळ मोटारींत, विशेषतः जुन्यांत, दुसरीच तोड काढलेली आढळते. रात्रीचा दिवा मोटारीला आहेच. मग दिवसा तोच थोडा मंद करून कां जाळूं नये? म्हणजे एकाच गड्याकडून दिवसपाळी आणि रातपाळी दोन्ही करून घ्यावयाच्या. ही युक्ति स्वस्त, आणि जोंवर आंत तारेचा बल्ब आहे तोंवर निर्धोक.

दिवा मंद कसा करावयाचा? त्याची एक पद्धति आम्ही शाळेंत मुलांना शिकवीत असूं. दोन सेल आणि एक टॉर्चचा बल्ब जोडला कीं बल्ब लख्ख लागतो. त्याच दोन सेलांवर दोन बल्ब एकामागून एक, माळेंतल्या मण्यांसारखे, जोडले कीं दोघेहि लालसर व मिणमिणते लागतात. कारण व्होल्टेज दोघांत वांटलें जातें. मुलांची समजूत अशी कीं व्होल्टेज निम्में म्हणजे उजेड निम्मा. तसें नसतें. तारेच्या बल्बाचें व्होल्टेज निम्में केलें तर उजेड सुमारें एक दशांशावर येतो. मोटारींतहि हेंच करतात. रात्रीं दूरवर पोंचणारा जो अप्परचा दिवा, त्याचे उजवा व डावा असे दोन बल्ब दिवसा माळेंत जोडले जातात. बॅटरीचे बारा व्होल्ट सहा-सहा वांटले जातात. आणि ज्या दिव्याची तीव्रता रात्रीं दहा-दहा हजार कँडेलांनीं मोजावी, तो दिवसा सौम्यपणें जळतो. रात्रीं अप्पर लावला कीं रिले माळ तोडतो व प्रत्येक बल्बाला पुरे बारा व्होल्ट देतो. कोठें संगणक नको, कांहीं नको. ज्यानें ही युक्ति शोधली त्याचें मला कौतुक वाटतें.

माझी मुलगी आणि जावई विनिपेग शहरीं राहतात. त्यांची मोटार जुनी, आणि तिचे दिवसाचे दिवे नेमके या माळेच्या पद्धतीचे. तिकडे हिंवाळ्यांत दुपारीं साडेचारच्या सुमारास अंधारूं लागतें. म्हणून जावयांनीं रात्रीं अधिक दिसावें या हेतूनें दोन्ही जोड्या, डिप्परची आणि अप्परची, बदलून एल्. ई. डी. बल्ब बसविले. रात्रीं उजेड पांढराफेक पडूं लागला. मंडळी खुष झाली. दिवसाच्या दिव्यांकडे कोण पाहणार? आपण मोटारीच्या आंत असतों, दिवे बाहेर असतात.

पुढें जानेवारींत एके दिवशीं दुपारीं, वारा जमिनीवरचें बर्फ उडवीत असतांना, ते एका चौकांत डावीकडे वळण्यासाठीं उभे होते. मागच्या आसनावर माझा नातू होता. वाट मोकळी वाटली म्हणून ते वळूं लागले, तों समोरून आलेला मालट्रक ब्रेक लावून घसरत घसरत त्यांच्यापासून चार-पांच हातांवर येऊन थांबला. ट्रकवाला खालीं उतरला. तो रागावला नव्हता, घाबरला होता. त्याचें म्हणणें एवढेंच कीं, या पांढऱ्या धुरळ्यांत तुमची पांढरी मोटार मला दिसलीच नाहीं, तुमचे दिवे कां बंद आहेत? जावई म्हणाले, "बंद? आमचे दिवे तर आपोआप लागतात." उतरून पाहतात तों उजवीकडे अंधार, आणि डावीकडचा बल्ब मधूनच लुकलुकतो आहे. किती दिवसांपासून तसें चाललें होतें, कोणास ठाऊक. मुलीनें रात्रीं मला फोन केला तेव्हां ती प्रथम कांहीं बोललीच नाहीं. मग म्हणाली, "बाबा, तुम्हीं तो दोन बल्बांचा प्रयोग आम्हांला शिकवला होता ना, तो पुन्हां सांगा."

तो प्रयोग एल्. ई. डी.ला कां लागू पडत नाहीं तें पाहूं. तारेचा बल्ब हा साधा भोळा प्राणी आहे: जेवढें व्होल्टेज द्याल तेवढा तापेल, आणि तापेल तेवढा उजळेल. धन-ऋण उलट जोडलें तरी त्याला पर्वा नाहीं. एल्. ई. डी. बल्बांत तार नसते. बारीक चिपा असतात, आणि त्यांच्या मागें किंवा वायरीच्या शेपटीला एक लहानशी डबी असते. तिला ड्रायव्हर म्हणतात. बॅटरी थोडी कमजास्त झाली तरी चिपांना ठराविकच प्रवाह पुरविणें, हें या डबीचें काम. त्यामुळें व्होल्टेज बारावरून दहावर आलें तरी उजेड बहुधा तितकाच राहतो. आणि डबीच्या मर्यादेखालीं गेलें कीं एकदम अंधार. मंद जळणें तिला ठाऊकच नसतें. असे दोन बल्ब माळेंत बांधले म्हणजे दोन हट्टी भावांना एका ताटांत जेवावयास बसविल्यासारखें होतें. एक डबी जागी होऊन प्रवाह ओढूं लागते, कीं वांटणी बिघडून ती पुन्हां झोंपते. मग दुसरीची पाळी. बाहेरून आपल्याला दिसतें तें लुकलुकणें, आणि अशा ओढाताणींत डबी लवकर बिघडण्याचा संभव असतो. रात्रीं मात्र दोघांनाहि पुरे बारा व्होल्ट मिळतात, म्हणून सर्व कांहीं ठीक आहे असें वाटतें. दोष दिवसा, आणि परीक्षा रात्रीं. तो सांपडावा कसा?

माळेऐवजीं दुसरीहि एक पद्धति पुष्कळ मोटारींत असते. तींत दिव्याला प्रवाह अखंड न देतां सेकंदांत अनेक वेळां चालू-बंद करून देतात. तार एकदां तापली म्हणजे इतक्या अल्प क्षणांत थंड होत नाहीं. तिला तो अखंड मंद प्रवाहच भासतो. एल्. ई. डी. मात्र प्रत्येक ठोक्याबरोबर उजळते व विझते. कधीं ती थरथरते, कधीं डबींतील साठवणीमुळें दिवसाहि पुऱ्या जोमानें जळते. हा दुसरा प्रकार अप्परच्या दिव्यांत घडला तर समोरच्याच्या डोळ्यांवर भर दुपारीं अप्परचा झोत! अमेरिकेच्या नियमांत मंद केलेल्या अप्परला ७,००० कँडेलांची मर्यादा घातलेली आहे, ती असल्या प्रकारासाठींच.

दुकानदारापाशीं यावर तोडगा तयार असतो. तो म्हणतो, साहेब, डिकोडर लावा, रेझिस्टर लावा. यांतलें इंगित असें. तारेचा ५५ वॉटचा बल्ब बारा व्होल्टांवर साडेचार अँपिअरांहून थोडा अधिक प्रवाह घेतो, एल्. ई. डी. सुमारें दोन अँपिअर घेते. मोटारींत बल्बावर लक्ष ठेवणारा मेंदू असेल तर त्याला वाटतें कीं बल्ब गेला. तो फलकावर इशारा देतो, कधीं प्रवाहच तोडतो. म्हणून बल्बाच्या शेजारीं एक रेझिस्टर जोडून खोटा भार दाखवावयाचा. ६ ओहमचा रेझिस्टर १३.५ व्होल्टांवर तीस वॉट नुसते उष्णतेंत घालवितो. तो प्लॅस्टिकला टेकला तर प्लॅस्टिक वितळतें. शिवाय वीज वांचविण्यासाठीं एल्. ई. डी. बसवावयाची आणि वांचलेली वीज रेझिस्टरांत जाळावयाची, हा हिशेब माझ्या मुलांनीं वहींत लिहिला असता तर मीं त्यावर लाल रेघ ओढली असती. डिकोडरमध्यें ठोके सपाट करणारा कपॅसिटर असतो. त्यानें थरथर पुष्कळदां थांबते हें खरें, परंतु सपाट झालेला उजेड मंदच राहील अशी हमी तो देत नाहीं.

विनिपेगला काय झालें तें सांगून टाकतों. अप्परचे हॅलोजन बल्ब परत बसविले. दिवसाचे दिवे त्याच क्षणीं पूर्ववत् लागले. डिप्परचे एल्. ई. डी. त्यांनीं आणखी पंधरा दिवस ठेवले, आणि मग तेहि काढले. त्याचें कारण निराळें होतें. हॅलोजनच्या उष्णतेनें दिव्याच्या कांचेवरचें बर्फ वितळतें. एल्. ई. डी.ची उष्णता मागें पंख्याकडे जाते, पुढें फारशी येत नाहीं, म्हणून कांचेवर बर्फाचा थर तसाच राही. ही अडचण आपल्याकडे कोणाला यावयाची नाहीं.

हें सर्व पुतण्याला ऐकवून मीं त्याच्याच खोक्यांतले दोन बल्ब घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीवर माळेंत जोडून दाखविले. आधीं जुने हॅलोजन जोडले. दोघेहि नारिंगी, शांत. मग नवे जोडले. एकदां हा लुकलुके, एकदां तो. पुतण्यानें तें लक्षपूर्वक पाहिलें आणि म्हणाला, "पण काका, माझ्या मोटारीचे दिवसाचे दिवे निराळे आहेत." आणि तो म्हणत होता तें खरें होतें! आपल्याकडील ज्या मोटारींना दिवसाच्या दिव्याची स्वतंत्र पट्टी आहे, त्यांत या वायरींच्या भांडणाचा प्रश्न येत नाहीं. ओळखण्याची रीत सोपी आहे. दिवसा इंजिन सुरू करून, मुख्य दिव्याचें बटण बंद ठेवून, समोर जाऊन पाहावें: जळतो आहे तो मुख्य दिव्याचाच बल्ब आहे कीं दुसरी पट्टी आहे? मुख्य बल्बच मंद जळत असेल तर त्याला हात लावूं नये. परदेशांत ज्यांचीं मुलें जुन्या मोटारी घेतात, त्यांनीं एवढें पत्रांत लिहून कळवावें.

तेव्हां आम्हीं बल्ब बसवून पाहिले. पट्टी पूर्वीसारखीच लागली. मुख्य दिवा लावतांच मंद झाली. फलकावर इशारा आला नाहीं. मोटारींतल्या रेडिओंत मात्र बारीक खरखर सुरू झाली. स्वस्त ड्रायव्हर अशी खरखर करतात. आपणांपैकीं कोणी हें भाषण मोटारींत ऐकत असाल आणि माझा आवाज खरखरत असेल, तर दोष माझ्या घशाचाच असेल असें नाहीं.

संध्याकाळीं अंधार पडल्यावर सोसायटीच्या कुंपणाच्या भिंतीसमोर सपाट जागेवर मोटार उभी केली. ही परीक्षा मला अधिक महत्त्वाची वाटत होती. त्याच्या मोटारींत एच्-४ जातीचा, म्हणजे एकाच बल्बांत अप्पर व डिप्पर असलेला, ६०/५५ वॉटचा बल्ब होता. या बल्बांत डिप्परच्या तारेखालीं धातूची एक इवलीशी वाटी असते. ती खालचा उजेड अडविते, आणि म्हणूनच भिंतीवर डिप्परचा उजेड एका स्वच्छ रेषेखालीं राहतो. डावीकडे ती रेषा किंचित् वर चढते, रस्त्याची कड दिसावी म्हणून. रिफ्लेक्टरची सारी वक्रता तार नेमकी कोठें आहे यावर बेतलेली असते. जुन्या बल्बाची रेषा मीं खडूनें भिंतीवर आंखून ठेवली होती. नवे बल्ब लावले तेव्हां रेषेखालचा उजेड पांढरा व भरपूर दिसला. पण रेषेच्या वरहि उजेड सांडला होता, वीतभर नव्हे, चांगला हातभर. चिपा पट्टीच्या दोन बाजूंना होत्या, मध्यें पट्टीची जाडी, आणि तारेची जागा कांहीं त्यांना साधलेली नव्हती.

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १०६ वा नियम याविषयींच आहे. समोर आठ मीटरांवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत त्याला दिव्यानें दिपवितां कामा नये, असा त्याचा आशय. मीं आठ मीटर मोजून उभा राहिलों. दोन वर्षांपूर्वीं माझ्या दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली. मला कांहीं क्षण नुसतें पांढरें दिसलें. पुतण्याला वाटलें, काकांचे डोळेच नाजूक. मग मीं त्याला तेथें उभें केलें आणि आपण मोटारींत बसून दिवा लावला. त्यानें हात डोळ्यांवर धरला. तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. ताम्हिणीच्या वळणावर समोरून दुचाकीवर कोणी जोडपें येत असेल, हें त्याला मला सांगावें लागलें नाहीं.

एल्. ई. डी.चें मला वावडें आहे असें मात्र समजूं नये. दिवा मुळापासून चिपांसाठींच घडविलेला असेल तर तो उत्तम असतो. २००७ सालीं लेक्सस एलएस ६००एच या मोटारींत डिप्परचे दिवे एल्. ई. डी.चे आले, आणि तेव्हांपासून ती विद्या पुष्कळ पुढें गेली आहे. जुन्या दिव्यांत नवा बल्ब घालण्याची गोष्टहि जर्मनींत २०२० पासून कायदेशीर मार्गानें होऊं लागली. पण तेथें रीत अशी कीं बल्बाला सरसकट परवानगी मिळत नाहीं. अमुक मोटारीच्या अमुक दिव्यांत तो तपासला गेला असेल तरच ती मोटार यादींत येते. यादींत नसलेल्या मोटारींत तोच बल्ब बेकायदा. मला हा शहाणपणा वाटतो, कारण प्रश्न बल्बाचा नसून जोडीचा आहे.

दिवसाच्या पट्टीविषयीं एक इशारा येथेंच देऊन ठेवतों. ती तेजस्वी असल्यामुळें तिन्हीसांजेला किंवा मुसळधार पावसांत पुष्कळांना वाटतें कीं आपले दिवे लागलेले आहेत. पुष्कळ मोटारींत त्या वेळीं मागचे तांबडे दिवे बंदच असतात. कॅनडांत यावर सप्टेंबर २०२१ पासून नव्या मोटारींपुरता नियम झाला आहे: दिवसाच्या दिव्यांबरोबर मागचेहि लागावेत, किंवा अंधार पडतांच सर्व दिवे आपोआप लागावेत, किंवा चालकापुढचा फलकच काळोखा ठेवावा, म्हणजे त्याला बटणाची आठवण होईल. आपल्याकडे तूर्त आठवण ज्यानें त्यानें ठेवावी.

पुतण्यानें खोका परत नेला. दुकानदारानें पैसे दिले नाहींत, बदल्यांत दुसरा माल घे म्हणाला. त्यानें चांगले हॅलोजन बल्ब आणि कांच घांसण्याचें साहित्य घेतलें. दिव्यांच्या प्लॅस्टिकच्या कांचा उन्हानें पिवळ्या पडल्या होत्या. त्या त्यानें एका दुपारीं घांसून स्वच्छ केल्या, आणि मग भिंतीसमोर उभें राहून दोन्ही दिव्यांचे स्क्रू फिरवून रेषा सारखी केली. उजेडांत पडलेला फरक पाहून त्याचा त्यालाच अचंबा वाटला. गणपतीला तो ताम्हिणीमार्गें गेला आणि पांचव्या दिवशीं परत आला.

भिंतीवरची खडूची रेघ पावसानें पुसट झाली, तेव्हां मीं ती तेलरंगानें काढून घेतली. सोसायटींतील आणखी चौघांनीं आपापल्या मोटारी तिच्यासमोर उभ्या करून पाहिल्या. दोघांच्या ठीक होत्या. एकाचा डावा दिवा थेट आकाशाकडे पाहत होता. चौथ्यानें आपल्या मोटारीला एल्. ई. डी. बसविलेले आहेत, तो पुढच्या रविवारीं पुन्हां येतों म्हणाला आहे.